आल्बेर युदेर्झो : स्थलांतरिताच्या मुलाने रेखाटलेला पूर्वज

फ्रान्समधील प्राथमिक शाळांत कित्येक पिढ्यांच्या कानांवर इतिहासाच्या अगदी आरंभीच 'आपले पूर्वज गॉल' हे शब्द पडत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एर्नेस्त लाव्हिस या इतिहासकाराची क्रमिक पुस्तके देशभर गेली आणि ब्रिटनीतले, प्रोव्हांसमधले, बास्क प्रदेशातले, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारे विद्यार्थी एकाच कुळात दाखल झाले. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींतल्या मुलांनाही हेच पूर्वज शिकवले गेल्याच्या हकिकती पुढे थट्टेचा विषय झाल्या. थट्टा बाजूला ठेवली, तरी त्या पाठातला प्रश्न शिल्लक राहतोच. पूर्वज रक्ताने मिळतात, की शिकवल्याने, की आपण त्यांना आपले म्हटल्याने?

या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समध्ये एका अनपेक्षित ठिकाणी मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गॉल पूर्वजाला जो चेहरा लाभला, तो ना इतिहासकारांनी दिला ना शिल्पकारांनी. ठेंगणी मूर्ती, लांब पिवळ्या मिशा, पंख लावलेले शिरस्त्राण आणि कमरेला लहानशी तलवार, असा तो ॲस्टेरिक्स एका चित्रकथेतून आला. ही चित्रकथा काढणारे आल्बेर युदेर्झो इटालियन सुताराचे चिरंजीव होते, आणि ती लिहिणारे रने गोसिनी हे पोलंड व युक्रेनमधून आलेल्या ज्यू दांपत्याचे. चित्रकथा म्हणजे मुलांची करमणूक, तिचा इतिहास तो काय, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ आहे. युदेर्झो यांचे चरित्र पाहिले म्हणजे ती समजूत टिकत नाही.

युदेर्झो यांचा जन्म २५ एप्रिल १९२७ रोजी ईशान्य फ्रान्समधील मार्न विभागातल्या फीम या छोट्या गावी झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या लढायांत हे गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले होते. त्या युद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लक्ष सैनिक कामी आले. शेते, खाणी आणि बांधकामे यांना माणसांची वाण पडली, आणि शेजारच्या देशांतून कामकरी कुटुंबांचा ओघ सुरू झाला. त्यांत इटालियन सर्वांत अधिक होते. १९३१ च्या शिरगणतीत फ्रान्समध्ये सुमारे आठ लक्ष इटालियन नोंदले गेले. आल्बेरचे वडील सिल्व्हियो आणि आई इरिया याच ओघातून आलेले. सिल्व्हियो सुतारकाम करीत आणि तंतुवाद्ये घडवीत. त्यांचे आडनाव उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतातल्या ओदेर्झो या गावावरून आलेले आहे. पुणेकर, सातारकर, कोल्हापूरकर ही आडनावे घेऊन चार-सहा पिढ्या दुसऱ्याच मुलखात राहिलेल्या आपल्या घरांना याचे नवल वाटू नये. गाव सुटले तरी ते नावाला चिकटून येते.

बाळाच्या नावाचीही एक गंमत झाली. वडिलांना 'आल्बेर' हे फ्रेंच नाव ठेवायचे होते. त्याच नावाचा एक मुलगा पूर्वी तान्हेपणीच दगावला होता. परंतु नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने सिल्व्हियोच्या इटालियन उच्चारावरून 'आल्बेर्तो' असे टिपून घेतले. फ्रेंच नाव द्यायला गेलेल्या बापाच्या तोंडातून त्याचा देश बोलून गेला! मूल जन्मले तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती. जादा बोटे लहानपणीच शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. पुढे लक्षात आले की त्याला काही रंगांतला भेदही नीट कळत नाही. ज्या हातांनी आणि डोळ्यांनी पुढे कोट्यवधी वाचकांना रंगीत जग दाखवले, ते हात आणि डोळे असे होते. युदेर्झो आयुष्यभर मुख्यतः काळ्या शाईच्या रेषेवर विसंबले. रंग वापरायची वेळ आली, तर रंगांवर नावाच्या चिठ्ठ्या असत.

१९२९ च्या सुमारास कुटुंब पॅरिसच्या पूर्वेकडील क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात आले. ही कष्टकऱ्यांची, अनेक देशांतून आलेल्यांची वस्ती होती. १९३४ मध्ये युदेर्झो कुटुंबाला फ्रेंच नागरिकत्व मिळाले. पण कागद मिळाला म्हणून रस्त्यावरचा माणूस बदलतो असे नाही. दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्त या मिठागरांच्या गावी १८९३ च्या ऑगस्टमध्ये इटालियन मजुरांवर जमाव चालून गेला होता आणि त्यात किमान आठ जण मारले गेले होते. ही तेढ पुरती निवली नव्हती. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि मुसोलिनीची विमाने तिथे बॉम्ब टाकू लागली, तेव्हा क्लिशीत एका माणसाने लहानग्या आल्बेरच्या तोंडावर थुंकून त्याचा सूड घेतला. मुलाचा अपराध एवढाच, की त्याचे आडनाव इटालियन होते. युदेर्झो यांनी ही आठवण वृद्धापकाळापर्यंत जपली. तिच्याविषयी कटुतेने ते क्वचितच बोलत.

घरातला मोठा भाऊ ब्रुनो हा आल्बेरचा खरा आधार. धाकट्याच्या हातात काही आहे हे त्याने ओळखले. १९४० मध्ये, जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले त्या वर्षी, तेरा वर्षांच्या आल्बेरला घेऊन तो मुलांची नियतकालिके छापणाऱ्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या दारी गेला. तेथे मुलगा उमेदवार म्हणून राहिला. अक्षरलेखन, छायाचित्रांवरील हात फिरवणे, मजकुराची जुळणी, अशी सारी हलकीसलकी कामे त्याने केली. तेथेच त्याला एदमों-फ्रांस्वा काल्व्हो हा थोर चित्रकार भेटला. प्राण्यांच्या रूपकातून महायुद्धाची कथा सांगणारे काल्व्हो यांचे पुस्तक पुढे गाजले. युदेर्झो यांनी कलाशाळेचे शिक्षण घेतले नाही. त्यांची शाळा म्हणजे हे छापखान्याचे टेबल आणि काल्व्होंचा सल्ला.

याच काळात शासनाच्या पातळीवर काय घडत होते, ते लक्षात घेतले पाहिजे. २२ जुलै १९४० रोजी व्हिशी सरकारने कायदा करून १९२७ पासून दिलेल्या सर्व नागरिकत्वांची फेरतपासणी सुरू केली. सुमारे पंधरा हजार लोकांचे नागरिकत्व त्यात काढून घेण्यात आले. त्यांत ज्यूंची संख्या फार मोठी होती. युदेर्झो कुटुंबाचा १९३४ चा कागदही याच मुदतीतला. फ्रेंच असणे ही एका सहीने मिळणारी आणि एका सहीने जाणारी वस्तू आहे, हे त्या पिढीतल्या परक्या मुलांना असे कळले. आणि याच सरकारला गॉल पूर्वजाचीही मोठी हौस होती. सीझरला एकदा पराभूत करणारा आणि पुढे इसवी सनापूर्वी ५२ मध्ये आलेसियाच्या वेढ्यात शरण आलेला सरदार व्हर्सिंजेटोरिक्स याचा भव्य पुतळा तिसऱ्या नेपोलियनने १८६५ मध्ये उभारला होता. त्याच्या चेहऱ्यात सम्राटाचीच छबी आहे, असे लोक म्हणत. ३० ऑगस्ट १९४२ रोजी मार्शल पेताँ यांनी गेर्गोव्ही येथे, म्हणजे व्हर्सिंजेटोरिक्सच्या विजयस्थळी, आपल्या माजी सैनिकांच्या संघटनेचा मोठा सोहळा घडवला. देशाच्या कानाकोपऱ्यातून माती आणून तेथे एकत्र केली गेली. माती, रक्त, पूर्वज आणि आज्ञापालन या शब्दांची सांगड त्या दिवशी जुळली.

सक्तीच्या मजुरीसाठी तरुणांना जर्मनीला धाडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ब्रुनो पॅरिस सोडून ब्रिटनीत लपला. आल्बेरही काही काळ त्याच्याकडे जाऊन राहिला. शेतावर काम केले, वडिलांच्या लाकूडकामाला हात लावला. समुद्राकाठचा तो हिरवा, पावसाळी प्रदेश त्याच्या मनात घर करून राहिला. पुढे सतरा-अठरा वर्षांनी गोसिनी यांनी ॲस्टेरिक्सचे गाव कुठे वसवायचे हे ठरवण्याचे काम युदेर्झो यांच्यावर सोपवले. अट एकच होती, की पात्रांना वेळप्रसंगी नावेने जाता यावे म्हणून गाव समुद्राकाठी असावे. युदेर्झो यांनी क्षणाचाही विचार न करता ब्रिटनी निवडली. साऱ्या जगाला ठाऊक झालेले ते 'अजिंक्य गाव' एका लपलेल्या भावाच्या आश्रयस्थानातून आले आहे.

युद्ध संपल्यावर युदेर्झो यांनी मिळेल ते काम केले. मुलांच्या नियतकालिकांत बळकट, पीळदार नायकांच्या कथा काढल्या; दैनिकांत गुन्ह्यांच्या वार्तांना चित्रे दिली. १९५१ मध्ये पॅरिसमधल्या एका वृत्तचित्रसंस्थेच्या कचेरीत त्यांची गाठ रने गोसिनी यांच्याशी पडली. गोसिनी १४ ऑगस्ट १९२६ रोजी पॅरिसमध्ये जन्मले, पण वाढले अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस येथे. वडील स्टॅनिस्लास वॉर्साचे रसायन-अभियंता, आई अ‍ॅना युक्रेनमधली. आईच्या माहेरच्या घराण्याचा पॅरिसमध्ये छापखाना होता. फ्रान्समध्ये राहिलेले तिचे नातलग नाझी छावण्यांत मारले गेले. वडिलांच्या निधनानंतर गोसिनी न्यूयॉर्कला गेले, बेकारी सोसली, आणि चित्रकार व्हायचे सोडून लेखक होऊन युरोपात परतले. दोघांचे वय जवळपास सारखे, दोघेही स्थलांतरितांची मुले, आणि दोघांनाही हसवण्याचे वेड. ही जोडी सव्वीस वर्षे टिकली.

त्या काळात चित्रकथाकार हा मजुरापेक्षा फार वेगळा नसे. पानाचे पैसे घ्यायचे, हक्क सोडून द्यायचे. १९५६ मध्ये गोसिनी, युदेर्झो आणि झाँ-मिशेल शार्लिये या लेखकाने काही सहकाऱ्यांसह आपल्या हक्कांची एक सनद तयार केली. संस्थाचालकाने पुढारी म्हणून गोसिनी यांना नोकरीवरून काढले. शार्लिये आणि युदेर्झो त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. पोटापाण्याची घडी मोडून घेतलेला हा निर्णय पुढल्या साऱ्या यशाचा पाया आहे. कारण आता त्यांना स्वतःचे काही उभारणे भाग होते. १९५८ मध्ये 'तँतँ' साप्ताहिकात 'ऊम्पापा' या रेड इंडियन वीराची त्यांची मालिका आली. आणि २९ ऑक्टोबर १९५९ रोजी एका नभोवाणी केंद्राच्या साहाय्याने त्यांनी आणि शार्लिये यांनी 'पिलोत' हे मुलांचे साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या तीन लक्ष प्रती खपल्या, असे सांगतात.

याच साप्ताहिकासाठी काही तरी अस्सल फ्रेंच हवे होते. प्रथम मध्ययुगीन फ्रेंच साहित्यातील कोल्ह्याची कथा घ्यायचे ठरले, पण दुसऱ्या एका चित्रकाराने ती आधीच काढली असल्याचे कळले. अंक निघायला थोडेच आठवडे उरले होते. उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील युदेर्झो यांच्या सरकारी चाळवजा सदनिकेत दोघे बसले आणि फ्रान्सच्या इतिहासाचे एकेक युग मोजू लागले. अश्मयुग झाले, आणि पुढची पायरी आली गॉल लोकांची. या पूर्वजांवर गंमतीने कोणी काही लिहिले नव्हते. युदेर्झो यांनी सवयीने उंच, बळकट गॉल वीर रेखाटला. गोसिनी यांना मात्र ठेंगणा, चतुर, दिसायला साधारण नायक हवा होता. युदेर्झो यांनी त्यांचे ऐकले. पण आपला धिप्पाड गडीही त्यांनी सोडला नाही, त्याला जोडीला उभा केला. तोच ओबेलिक्स. दोघांची आवड दोन पात्रांत वाटली गेली आणि मैत्रीची कथा जन्मली.

कथेचा मूळ साचा साधा आहे. इसवी सनापूर्वी ५० मध्ये रोमनांनी गॉल जिंकले आहे. फक्त ब्रिटनीतले एक गाव जादूच्या काढ्याच्या बळावर त्यांना दाद देत नाही. हा पूर्वज शाळेच्या धड्यातल्या पूर्वजासारखा नाही, गेर्गोव्हीच्या मातीतल्या पूर्वजासारखा तर मुळीच नाही. तो भांडखोर आहे, खादाड आहे, मासळी शिळी आहे की ताजी यावर गावभर हाणामारी करतो, सरदाराला ढालीवरून पाडतो. जादूचा काढाही कुणाला कुळामुळे मिळत नाही. गावात राहणाऱ्या ज्याला त्याला तो वाटला जातो. सतरा वर्षांपूर्वी ज्या गॉलच्या नावाने परक्यांना देशाबाहेर काढले गेले, त्याच गॉलला परक्यांच्या दोन मुलांनी हसण्यासारखा आणि म्हणून जवळचा केला. त्यांनी हे राजकीय हेतूने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दोघेही आपण केवळ हसवतो असेच सांगत. पण कोणत्या गोष्टीवर हसावे हे ठरवायलाही काही भोगलेले असावे लागते.

युदेर्झो यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. गोसिनी टंकलिखित संहिता देत. तीत प्रत्येक चौकटीचे वर्णन आणि संवाद असत. युदेर्झो पेन्सिलीने रेखाटत, मग शाईने रेषा ओढत. साधारणपणे पानावर चार पट्ट्या, आणि पुस्तकाला चव्वेचाळीस पाने. हे सारे साप्ताहिकाच्या तालावर. शिवाय त्याच वर्षांत शार्लिये यांच्यासाठी ते वैमानिक तांगी आणि लाव्हेर्द्युर यांची मालिकाही काढत होते, आणि तीत लढाऊ विमानांची अंगे यंत्रतज्ज्ञालाही पटावीत अशी अचूक असत. एकाच हाताने सकाळी मिराज विमान आणि दुपारी ओबेलिक्सचे पोट काढायचे! ॲस्टेरिक्सला वेळ पुरेना, तेव्हा १९६६ च्या सुमारास वैमानिकांची मालिका त्यांनी दुसऱ्याकडे सोपवली. परंतु त्या अचूकतेची शिस्त त्यांच्या थट्टेतही उतरली. रोमन छावण्या, इजिप्तची देवळे, गलबते ही पुस्तके चाळून नीट उभी केलेली असतात. विनोद त्यांच्यात राहणाऱ्या माणसांच्या वागण्यात असतो. प्रसिद्ध नट, राजकारणी, जुनी चित्रे यांची ओळखीची रूपेही त्यांनी पेरली. 'मेड्युसाचा तराफा' या जेरिको यांच्या चित्राचे विडंबन १९६७ च्या पुस्तकात बुडणाऱ्या समुद्री चाच्यांकरवी येते, ते पाहून चित्रकलेचा जाणकारही हसतो.

१९६१ मध्ये पहिले पुस्तक निघाले, तेव्हा फक्त सहा हजार प्रती छापल्या होत्या. दशकाच्या अखेरीस एकेका पुस्तकाच्या दहा-दहा लक्षांहून अधिक प्रती छापाव्या लागू लागल्या. २६ नोव्हेंबर १९६५ रोजी फ्रान्सने अवकाशात सोडलेल्या पहिल्या उपग्रहालाही 'ॲस्टेरिक्स' हेच नाव मिळाले. एखाद्या देशाने आपल्या सर्वांत आधुनिक यंत्राला चित्रकथेतील पात्राचे नाव द्यावे, यातच ते पात्र किती घरचे झाले होते हे कळते. आपल्याकडे ही पुस्तके मुख्यतः अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांच्या इंग्रजी भाषांतरांतून पोहोचली. बंगाली आणि हिंदीतही ती आली आहेत. जगभरात शंभराहून अधिक भाषा आणि बोलींत, अडतीस कोटींच्या आसपास प्रती, असा या मालिकेचा हिशेब युदेर्झो यांच्या मृत्यूच्या वेळी सांगितला जात होता.

५ नोव्हेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये हृदयाच्या तपासणीसाठी सायकल चालवत असतानाच गोसिनी कोसळले आणि गेले. वय अवघे एक्कावन्न. बेल्जियमवरील पुस्तकाची त्यांची संहिता पूर्ण झाली होती. चित्रे निम्म्यावर आली होती. युदेर्झो यांचा हात उठेना. प्रकाशकाने न्यायालयात धाव घेतली आणि पाने देणे त्यांना भाग पडले. पुस्तक १९७९ मध्ये निघाले. त्यात गोसिनी गेल्यानंतर काढलेल्या पानांवर आभाळ भरून येते आणि पाऊस पडू लागतो. कथेच्या घटनांना त्या पावसाची गरज नाही. शब्दांचा धनी गेला, तेव्हा ज्याच्याकडे केवळ रेषा होती, त्याने शोक असा मांडला. आणि पुस्तकाच्या शेवटी, मेजवानीच्या पानावर, त्यांनी सोळाव्या शतकातील ब्रॉयगल यांच्या ग्रामीण लग्नाच्या चित्राची आठवण उभी केली. ती त्यांची जणू जुन्या उस्तादाला दिलेली सलामी.

यानंतर पुष्कळांनी मालिका संपली असे मानले. युदेर्झो यांनी मात्र स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि तिला स्वतःचे व मित्राचे नाव दिले, 'आल्बेर-रने'. आता ते लेखनही स्वतः करू लागले. १९८० च्या पहिल्या स्वतंत्र पुस्तकात एक गाव मधोमध खणलेल्या चराने दुभंगलेले दाखवले आहे. जर्मनी त्या वेळी दुभंगलेलीच होती, तेव्हा वाचकांना बर्लिनची भिंत आठवली. गोसिनी यांचे शब्दचापल्य पुढच्या पुस्तकांत नाही, हे मान्य केले पाहिजे. २००५ मधले परग्रहवासीयांचे पुस्तक तर टीकाकारांनी झोडपले. मालिकेतला आणखी एक दोषही झाकता येणार नाही. चाच्यांच्या जहाजावरचा कृष्णवर्णी टेहळ्या जाड ओठांचा आणि बोबड्या उच्चारांचा दाखवला आहे. स्वतः परकेपणाची झळ सोसलेल्या कलावंतांकडूनही त्या काळच्या वसाहतवादी नजरेचा हा ठसा पुसला गेला नाही.

१९८७ च्या पुस्तकात ॲस्टेरिक्स भारतात येतो. गंगेच्या खोऱ्यात पाऊस पडत नाही. तो पाडू शकणारा एकच जण आहे, तो म्हणजे गॉल गावचा बेसूर भाट, कारण त्याने गाणे सुरू केले की आभाळ फाटते. त्याला आणायला एक फकीर उडत्या गालिच्यावरून जातो, आणि न आल्यास राजकन्येचा बळी जाणार असतो. हा भारत खरा नाही. तो अरबी कथांच्या छापाचा आहे, आणि राजकन्येचे नावही शहरजादच्या नावावरून घडवलेले आहे. पण गाण्याने पाऊस पडतो ही कल्पना ग्वाल्हेरच्या वाचकाला परकी वाटणार नाही. तिथे तानसेनाच्या समाधीशेजारी मेघमल्हाराच्या दंतकथा कोणी हसून टाळत नाही. फरक एवढाच, की आपला गायक सुरेल होता म्हणून पाऊस पडला आणि युदेर्झो यांचा बेसूर होता म्हणून! दूरच्या माणसाच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो, याचा हा एक निरुपद्रवी नमुना आहे.

२००८ मध्ये युदेर्झो आणि गोसिनी यांची कन्या यांनी संस्थेचा मोठा हिस्सा हाशेत या प्रकाशनगृहाला विकला. त्यामुळे युदेर्झो यांच्या स्वतःच्या मुलीशी त्यांचा जाहीर वाद झाला. तो न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये मिटला. एकेकाळी 'माझ्यानंतर ॲस्टेरिक्स नाही' असे म्हणणाऱ्या युदेर्झो यांनी २०११ मध्ये निवृत्ती घेतली आणि २०१३ मध्ये झाँ-इव्ह फेरी व दिदिये कॉनराद यांच्या हातचे पहिले पुस्तक निघाले. ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमधील 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावर हल्ला झाला आणि बारा जण मारले गेले. त्यांत 'पिलोत'च्या काळचे त्यांचे सहकारी, व्यंगचित्रकार काब्यू होते. सत्त्याऐंशी वर्षांच्या युदेर्झो यांनी निवृत्ती मोडून एक चित्र काढले : एका गुंडाला त्याच्या पायांतल्या जोड्यांतून उचलून फेकणारा ॲस्टेरिक्स. पूर्वजाची ती ठेंगणी मूर्ती आजच्या शोकात पुन्हा उभी राहिली. २४ मार्च २०२० रोजी नय्यी येथे झोपेतच हृदय थांबून त्यांचे निधन झाले.

सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी एका भाषणात म्हटले की, ज्या क्षणी तुम्ही फ्रेंच होता, त्या क्षणी तुमचे पूर्वज गॉल होतात. सार्कोझी यांचे वडील हंगेरीहून आले होते. भाषणावर मोठा गदारोळ उठला. नवागतांनी आपली मुळे विसरावीत अशी ही आज्ञा आहे, असे कित्येकांना वाटले. पण युदेर्झो यांनी हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्यांनी गॉल पूर्वज आज्ञेने स्वीकारला नाही, त्याला घडवला. आपल्या बापाचे गाव आडनावात, आपला आश्रय कथेतल्या गावात, आणि आपल्या मित्राचे नाव संस्थेच्या नावात, असे सारे एकाच कामात राहू दिले. एकासाठी दुसरे सोडावे लागले नाही. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथे आपल्या कित्येक कुटुंबांनी त्या त्या शहराच्या शाळा, नाट्यगृहे आणि ग्रंथालये उभारण्यास हात लावला. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न त्यांना तरीही विचारला जातोच. त्यांना या चरित्राचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

एक तपशील शेवटी नोंदवला पाहिजे. २०११ मध्ये युदेर्झो यांनी आपली १२० मूळ चित्रपाने फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला भेट दिली. ती तीन पुस्तकांची आहेत : मालिकेतील पहिली दोन, आणि बेल्जियमवरील ते पावसाचे पुस्तक. फीमच्या नोंदवहीत एका कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले 'आल्बेर्तो' हे नाव आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीतले 'आल्बेर युदेर्झो' हे नाव, या दोन नोंदींच्या मधोमध एक आयुष्य आहे. पहिली नोंद शासनाने केली. दुसरी त्यांनी रेषेने कमावली, आणि ती कोणत्याही सरकारच्या फेरतपासणीत रद्द होण्याजोगी नाही.